परबवहिनीचा चिमटा

परबवहिनी कुणाच्याही घरी गेली की आधी दाराची कडी हलवून बघायची, मग बसायची. चहा समोर आला तरी नजर बिजागरीवर. "ह्या दार नाय गो, पडदो आसा," असं म्हणून ती पिशवीतून पेचकस काढायची. घरमालकिणीला राग येऊन उपयोग नसे.

भांडुपच्या आमच्या चाळीत ती बाळा नावाच्या भावाकडे राहायची. रेडिओच्या कारखान्यात तारांना कथलाचा डाग लावायचं, सोल्डरिंगचं, काम करायची आणि तिथलं कौशल्य घरी आणायची. तिने चाळीत दारोदार बसवलेलं यंत्र म्हणजे कपड्यांचा चिमटा. त्याच्या दोन्ही ओठांना टाचण्या, टाचण्यांना तारा, मध्ये प्लॅस्टिकची चकती. चकतीला बांधलेला दोरा दाराला अडकवायचा. दार ढकललं की चकती निघते, टाचण्या भिडतात, घंटी वाजते. पहिल्याच सकाळी माझे वडील दूध आणायला निघाले आणि स्वतःच सापडले. वहिनी गॅलरीतून म्हणाली, "काका, पयलो चोर घरातलोच गावलो."

"चोर कुलपाक भियत नाय, आवाजाक भियता," हे तिचं नेहमीचं वाक्य. तिला कुलपाचा इतका तिटकारा का, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

आमच्याच चाळीत तिची स्वतःची खोली होती. नवरा वारल्यावर ती आणि सासरा तिथे राहत. एका वर्षी दोघं गणपतीला गावी गेली. परत आली तर दारावर दुसरंच कुलूप आणि आत दुसरंच कुटुंब. मालकाचा माणूस तावडे म्हणाला, "खोली रिकामी होती, मालकाने दिली." चौकीवर पोलिसांनी विचारलं, "तुम्ही राहत होता, साक्ष कोण देतो?" अर्धी चाळ गावी होती, उरलेली घाबरलेली. भांडी आणि देव गोणीत भरून तावडेने गटाराशी ठेवले होते. म्हातारा त्या गोणीजवळून उठेना. पुढच्या थंडीत तो गेला.

लोक तिला म्हणायचे, विसर आता. विसरायला सांगणारे नेहमी स्वतःच्या खोलीत बसून सांगतात.

वहिनी विसरली नाही. ती विचार करत राहिली, की कोणती खोली किती दिवस बंद राहणार हे तावडेला कळतं कसं? एका दुपारी डाग लावता लावता तिचा हात थांबला. "एसटी," ती म्हणाली. दर गणपतीला चाळीची तिकिटं तावडेच काढून आणायचा. आपल्याकडचाच माणूस, रांगेत उभा राहतो, म्हणून बायका त्याला वर चहा पाजायच्या. कोण कधी जाणार, कोण कधी येणार, हे आम्हीच त्याला आभार मानून सांगत होतो.

त्या वर्षी तिने बाळाच्या कुटुंबाबरोबर स्वतःचंही तिकीट तावडेकडूनच काढलं. तावडेने तिची पिशवी टपावर चढवली. ती मुलुंड नाक्याला उतरली आणि परत आली.

मंडळाच्या मखरामागे, अॅम्प्लिफायरशेजारी ती बसली. सोबत मी. बाळाच्या खोलीत दाराला चिमटा आणि खाटेखाली माइक. दोन्हींच्या तारा मंडळाच्या दिव्यांच्या माळेबरोबर पत्र्यावरून इथवर आणलेल्या. चिमटा सुटला की इथे बल्ब लागणार होता.

"नाही आला तर?" मी विचारलं.

"येतलो. तिकीट तेनाच काढल्यान ना?"

भर दुपारी, स्पीकरवर गाणी जोरात चालू असताना, बल्ब लागला. गाण्यांच्या गोंगाटात कुलूप तुटलं तरी कुणाला ऐकू येत नाही, हा तावडेचा हिशेब. वहिनीने गाणं बंद केलं आणि खाटेखालच्या माइकचं बटण हळूहळू, पूर्ण, फिरवलं.

गल्लीभर आधी तावडेने आणलेल्या किल्लीवाल्याचा आवाज आला. "शेठ, आत सामान आहे. देव पण आहेत."

मग तावडेचा. "परबाच्या म्हाताऱ्याचे पण होते. गोणीत भर. गाणी का थांबली रे?"

तो बाहेर आला तेव्हा हातात नवं कुलूप होतं आणि समोर गावी न गेलेली अख्खी चाळ. वहिनीला बघून त्याने हात जोडले. "वहिनी, गावचा माणूस मी. माफ कर."

"माफी माका कित्याक? जेच्याकडे मागूची, तो गेलो."

मंडळाचे ज्येष्ठ पुढे आले. सणाचे दिवस आहेत, बाप्पासमोर नारळ ठेवायला लावू, मिटवून टाकू. आमच्याकडे नारळ ठेवला की वैर संपतं. वहिनीने तो नारळ उचलला आणि मंडळाच्या पोराच्या हातात देऊन म्हणाली, "प्रसादाक फोड." आणि ती पोलिसांना आणायला स्वतः गेली. या वेळी साक्षीला गल्ली होती. मालकाने संध्याकाळीच सांगितलं, तावडे माझा माणूसच नाही. तावडे आत गेला. त्याची बायको रडत आली, तेव्हा वहिनीने तिला पाणी दिलं आणि साक्ष मागे घेतली नाही.

तिची खोली तिला मिळाली नाही. तिथल्या कुटुंबाने रीतसर डिपॉझिट भरलं होतं. आम्ही त्यांना काढायला निघालो, तर तीच दारात आडवी आली. "तेंची काय चूक?"

मी चाळ समितीचं पत्रक लिहिलं. मथळा दिला, 'अखेर न्याय झाला!' वहिनीने वाचलं, कागद परत दिला.

"न्याय झालो असतो तर माझी खोली माका गावली असती. ह्यो सूड आसा. सूड म्हणानच लिव."

"लोक काय म्हणतील, वहिनी?"

"वाचतीत तरी."

मी मथळा खोडला. पत्रक तिच्या शब्दांतच छापलं.