पाय दाखव

"जरा खुर्चीवर उभी राहा गं," मॅडम म्हणाल्या.

मी उभी राहिले.

नुंगंबाक्कमच्या एका गल्लीत, जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर मॅडमची बालवाडी होती. समोर सतरंजीवर चाळीसेक पालक बसले होते. चपला-बूट सगळ्यांचेच बाहेर, दाराशी. इकडे तमिळ मुलखात तशीच रीत आहे. त्यामुळे अनवाणी सगळेच होते. खुर्चीवर मात्र मी एकटी.

"पाय मागे वाकव. तळवा दिसू दे सगळ्यांना."

मी खुर्चीची पाठ धरली आणि डावा पाय गुडघ्यात वाकवला. नाल ठोकायला घोड्याचा पाय धरतात तसा मॅडमनी माझा घोटा धरला. दुसऱ्या हातात फूटपट्टी. मग पालकांकडे वळून इंग्रजीत सुरू झाल्या. ही आमच्या शाळेतली मदतनीस. खेड्यात वाढली. बारा वर्षांची होईपर्यंत पायात काही नव्हतं. बघा ही कमान. बघा ही कातडी. हिला कधी काही झालं का? आणि आपण आपली मुलं बुटात कोंडून पांगळी करतोय.

फूटपट्टी माझ्या टाचेवर टकटक वाजत होती. एका वडिलांनी कॅमेरा काढला. पहिल्या रांगेतल्या एक बाई पुढे वाकल्या. टाचेवर तो पांढरा डाग कसला, त्यांनी विचारलं.

"खेळताना लागलं असेल," मॅडमनीच सांगितलं आणि त्या पुढच्या मुद्द्यावर गेल्या.

मला तोंड होतं. मी ब्र काढला नाही.

तेव्हा तुला काय वाटलं, असं रात्री नवऱ्यानं विचारलं. काहीच वाटलं नव्हतं. खरंच सांगते. हॉलमधल्या पंख्याचं एक पातं वाकडं होतं आणि दर फेरीला ते कुरकुरत होतं. मी ते ऐकत होते. मग खाली उतरले आणि पालकांना कॉफी वाटली. कोपऱ्यात माझी साडेतीन वर्षांची लेक चिनू पाय पसरून बसली होती. ती सगळं बघत होती. त्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

त्सुनामीला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. नवऱ्याला श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात काम मिळालं म्हणून आम्ही मराठवाड्यातून इकडे आलो. वेलचेरीत एक खोली घेतली. माझा तालुक्याला बालवाडीचा कोर्स झालेला होता. मॅडम मूळच्या पुण्याच्या, त्यांचे यजमान बँकेत मोठे साहेब. मराठी बोलायला कुणी मिळावं म्हणून त्यांनी मला घेतलं. पहिल्या दिवशी आडनाव विचारलं. गाव विचारलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही..."

वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. मी पुरं केलं. कोण ते सांगितलं.

"अगं, आम्ही असलं काही मानत नाही हं," त्या म्हणाल्या.

खोटं कशाला सांगू, मानत नव्हत्याच. चहाचा कप वेगळा नव्हता. दिवाळीला साडी दिली. चिनूला त्याच शाळेत घेतलं. मोठ्या लोकांची मुलं, तिकडचं इंग्रजी, खेळणी, चित्रांची पुस्तकं. आमच्या ऐपतीत ते कधीच बसलं नसतं. माझी नोकरी होती तोवर तिची शाळा होती. एवढं मला न सांगता कळत होतं. म्हणून मी खुर्चीवर चढले.

आता तो डाग.

सहावीत होते. तालुक्याच्या शाळेत बूट-मोजे सक्तीचे झाले. मार्च महिना, दुपारचा तास. पीटीचे सर वर्गात आले आणि म्हणाले, "बूट नसलेले सगळे बाहेर." आम्ही नऊ जण उठलो. नऊच्या नऊ आमच्या वस्तीतले. बाहेर शहाबादी फरशीचं अंगण. त्यावर ओळीनं उभं केलं. सावलीत यायचं नाही. तास संपेपर्यंत हलायचं नाही. दहावा एक मुलगाही अनवाणी आला होता. त्याच्या वडिलांचं गावात किराणा दुकान होतं. सर त्याला म्हणाले, "विसरलास वाटतं. बस, बस. उद्या आण."

तो विसरला होता. आम्ही विसरलो नव्हतो.

मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिले. सर खिडकीतून म्हणाले, "नाच बंद कर." मग डावी टाच टेकवली ती टेकवलीच. घरी आले तेव्हा तिथली कातडी फोडासकट निघाली होती. आई रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी पसरायला जायची. तिचे तळवे रबरासारखे झालेले. तिनं कोरफडीचा गर लावला आणि म्हणाली, "पाय बधिर करून घे, बाई. बधिर झाला की पोळत न्हाई."

मी करून घेतला. आईचं सगळंच ऐकायचे मी. पाय झाला, मग हळूहळू बाकीचंही झालं. नवरा कधी कधी म्हणतो, तुला चिमटा काढला तरी तू उद्या ओरडशील. चेष्टेनं म्हणतो. पण खरं आहे.

तर, मुलांना अनवाणी खेळू द्यावं हे पालकांना पटलं. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी, मुलांना गल्लीच्या टोकाच्या बागेत न्यायचं ठरलं. सरकारी बाग, सगळ्यांसाठी खुली. गवत होतं, करंजाची झाडं होती आणि इंग्रजी आठच्या आकड्याची गोट्यांची वाट होती. तिच्यावर रिटायर झालेली माणसं चपला हातात घेऊन गोल गोल चालायची. डॉक्टरनं सांगितलेलं असायचं. चपला हातात घेऊन चालणारी माणसं मी आमच्या गावीही पाहिली होती. त्यांना डॉक्टरनं सांगितलेलं नव्हतं.

फाटकाशी मुलांचे बूट काढून घ्यायचे, ओळीनं मांडायचे आणि त्यांना गवतात सोडायचं. मुलं खुश. खोटं का बोलू, बघायला छान वाटायचं. चिखलात बोटं खुपसायची, किंचाळायची. चिनूसुद्धा. मी तिला कधी घराबाहेर अनवाणी पाऊल टाकू दिलं नव्हतं. ती पहिल्यांदा गवतावर उभी राहिली आणि पाय आकसून घेतले, मग हसायला लागली.

बागेत रोज दुसरीही मुलं असायची. मागे नदीकाठच्या झोपड्यांतली. सात-आठ जण. त्यांच्यातली सेल्वी जरा मोठी, सहा-सात वर्षांची, कडेवर भाऊ. ती सगळी अनवाणीच असायची. पहिल्या आठवड्यात सगळी मुलं एकत्र धावली. दुसऱ्या आठवड्यात एका पालकांचा फोन आला.

मॅडमनी मला बाजूला घेतलं. "आपण पोचायच्या आधी तू पुढे जा. त्या मुलांना बाहेर काढ. त्यांच्या पायांना काय काय लागलेलं असतं. जंत होतात गं. आणि गोड बोलून काढ. तुझ्यासारखीचं ऐकतील ती."

वॉचमन म्हातारा होता, त्याला ती मुलं दाद देत नसत. म्हणून मी. मी गेले. बोलायला माझं तमिळ तेव्हा दहा-बारा शब्दांचं, कळायचं त्याहून जास्त. 'पो' म्हणजे जा, हा त्यातलाच एक. मुलं निघाली. सेल्वी फाटकात थांबली. तेवढ्यात आपली मुलं आली, मी त्यांचे बूट काढू लागले. ती बघत राहिली. मग म्हणाली,

"अवंगळुम चेरुप्पु पोडलैये, अक्का."

त्यांनीही चपला घातलेल्या नाहीत की, अक्का.

तक्रार नव्हती तिची. तिला वाटलं, माझ्या लक्षात आलं नसेल.

"पो," मी म्हणाले आणि कडी लावली.

तो पाऊस, ती थंडी, तो उन्हाळा, शाळा भरेल तेव्हा आठवड्यातून तीनदा मी ते काम केलं. अंगवळणी पडलं. पुढे पुढे मला तोंड उघडावंच लागायचं नाही. मी कोपऱ्यावर दिसले की मुलं आपण होऊन बाहेर पडायची. मॅडम म्हणाल्या, "बघ, तुला किती छान जमतं." मला तेव्हाही काही वाटलं नाही. हे लिहिताना हात थांबतो आहे. तेव्हा थांबला नव्हता.

पुढच्या जूनमध्ये नवे पालक आले. या वेळी सभा बागेतच ठेवली होती. सकाळी मॅडम म्हणाल्या, "आज चिनूलाही घेऊ. आई आणि लेक, दोघींचे पाय. लोकांना लगेच पटतं."

मी "बरं" म्हणाले. हेही सांगायला हवं. मी बरं म्हणाले.

पालक सावलीत उभे होते. सिमेंटचा एक बाक होता. मॅडम आधी इंग्रजीत बोलल्या, मग टाळी वाजवून मराठीत म्हणाल्या, "चिनू, ये इकडे. पाय दाखव."

चिनू आली. बुटांचे पट्टे चर्र करून उघडले. बूट शेजारी शेजारी नीट ठेवले. बाकावर चढली, बाकाची पाठ धरली आणि डावा पाय मागे वाकवला. डावाच. कुणी शिकवलं नव्हतं. तळवा वर करून ती उभी राहिली.

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तोंडावर काही नव्हतं. लाज नाही, हसू नाही. बागेचा नळ गळत होता आणि ती तिकडे बघत होती. थेंब पडला की पापणी हलायची, बस. साडेचार वर्षांची पोर.

ती काय करत होती ते मला कळलं. ती पंखा ऐकत होती.

मॅडमनी तिचा घोटा धरायला हात पुढे केला.

"चिनू, खाली उतर. बूट घाल."

माझा आवाज इतका मोठा आहे हे मलाही माहीत नव्हतं. गोट्यांच्या वाटेवरची माणसं थांबली.

"अगं, काय झालं? दोन मिनिटांचं काम."

"तिचा पाय दाखवायचा नाही."

"इतकं काय त्यात? कौतुकच करतोय ना आपण?"

"मागच्या वर्षी त्या बाईंनी डागाचं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, खेळताना लागलं. आम्ही खेळत नव्हतो, मॅडम."

मग मी पालकांकडे वळले. माझं इंग्रजी मोडकंतोडकं. तेवढ्यातच सांगितलं. बूट नव्हते म्हणून शाळेत सरांनी मला तापल्या फरशीवर उभं केलं होतं, तास संपेपर्यंत. तो हा डाग. आणि फाटकाबाहेर ती मुलं उभी आहेत ना, ती इथंच खेळतात, अनवाणीच. तुमची अनवाणी यायच्या आधी मी त्यांना हाकलते. मला त्याचा पगार मिळतो.

एकानं घड्याळ बघितलं. एका आईनं आपलं मूल गवतावरून उचलून कडेवर घेतलं.

मॅडम माझ्याजवळ आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "तमाशा करू नकोस. मुलीचा विचार कर."

"तोच करतेय."

चिनूनं बूट घातले होते. उलटे, डावा उजव्यात. मी तिला तशीच हाताला धरलं, फाटकाशी गेले आणि कडी काढली. सेल्वी आणि बाकीची पलीकडे उभी होती. "वा," मी म्हटलं. म्हणजे या.

ती पळाली. सगळी. सेल्वी भावाला सावरत सगळ्यांत पुढे. वर्षभर मीच शिकवलं होतं त्यांना, मी दिसले की पळायचं.

दोन दिवसांनी मॅडमच्या ड्रायव्हरनं चिनूचा डबा आणि चित्रांची वही घरी आणून दिली. सोबत चिठ्ठी होती, "फार वाईट वाटलं." कुणाला, ते लिहिलं नव्हतं. नवरा रात्रपाळीहून आला होता. चिठ्ठी वाचून म्हणाला, "बरं केलंस." मग बराच वेळ बुटांच्या लेसशी खेळत बसला. चिनूला वेलचेरीच्या सरकारी शाळेत घातलं. तिथं सगळं तमिळमधून. पहिले काही महिने ती गप्प असायची. मॅडमच्या शाळेतली खेळणी तिला अजून आठवतात. ते नुकसान खरं आहे आणि ते मी केलं आहे.

रविवारी आम्ही बस पकडून त्या बागेत जाऊ लागलो. मी फाटकाजवळच्या बाकावर बसायचे. चिनूला वाटलं तर ती बूट काढायची, नाही वाटलं तर नाही. तिसऱ्या रविवारी सेल्वी आत आली. लांबच्या कोपऱ्यातून, माझ्यावर नजर ठेवून. माझ्याजवळ ती आली नाही. पुढेही कधी आली नाही. तिचं बरोबर आहे.

मला अजूनही पटकन राग येत नाही. यायला हवा तिथं आधी ते पातं कुरकुरतं. टाचेला टाचणी टोचली तर कळत नाही. ते आता परत येणार नाही, आणि मी त्याची वाटही बघत नाही. लागत नसलं तरी उठता येतं, हे मला कळलं आहे.

एका रविवारी कुणीतरी वॉचमनला इशारा केला. त्यानं सेल्वीच्या घोळक्याकडे बघून काठी आपटली. मी पायात चपला सरकवल्या, उठले आणि फाटक अडवून उभी राहिले.

"यांना बाहेर काढायचं असेल," मी माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये म्हणाले, "तर आधी मला काढा."

आता कुणाच्याही सांगण्यावरून मी त्या फाटकाची कडी लावणार नाही.