हंबीररावांची हलकी वाकळ

हंबीरराव फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, पण ही बातमी त्यांच्या आवाजापर्यंत पोहोचली नव्हती. गोडोलीत ते आमचे शेजारी. त्यांनी बायकोकडे चहा मागितला की आमच्या घरातली माणसं उठून उभी राहायची. निवृत्तीनंतर लोक भजनी मंडळात जातात, नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहून पडतात. ह्यांनी आम्हा बँकवाल्यांना आणि मास्तरांना गोळा केलं आणि सुट्टी आली की आम्हाला मेंढरांसारखं गडांवर हाकायला सुरुवात केली. मूळचे मेंढपाळांच्या माण तालुक्यातले, त्यामुळे हाकणं रक्तातच असावं.

त्यांचा धर्म एकच, पाठीवरचं ओझं कमी. निघायच्या आदल्या संध्याकाळी ते अंगणातल्या आंब्याला तागडी टांगायचे आणि प्रत्येकाची पिशवी तोलायचे. माझा दाढीचा आरसा त्यांनी एकदा काढूनच ठेवला. म्हणाले, "रानात कोन बघनार हाय तुजं थोबाड?" घरात तरी कोण बघतं, असं मी मनात म्हटलं.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल. मी पुण्याहून चांगली निळी स्लीपिंग बॅग आणली. हंबीररावांनी ती दोन बोटांत धरून उचलली.

"ह्यात माणूस घालत्यात का मडं?"

"उबदार असते, हंबीरराव."

"अरं गड्या, अंगाखाली दबलेला कापूस मेला बघ. त्याला कसली ऊब? निम्मी पिशवी तू फुकट वाहतोयस. खाली पोतं टाकायचं, वर वाकळ वडायची. संपलं!"

मी ऐकलं नाही. चंदन-वंदन गडावर त्या बॅगेची चेन अशी अडकली की सकाळी चौघांनी मला टूथपेस्टसारखं दाबून बाहेर काढलं. तेव्हापासून मीही वाकळवाला झालो. जुन्या साड्यांची पातळ वाकळ घडी करून पिशवीत जाते, थंडी असेल तर गुंडाळून घ्यावी, उकडलं तर पाय बाहेर काढावेत. माणूस भांडकुदळ होता, पण म्हणणं खरं होतं.

अडचण अशी झाली, की आमच्या सगळ्यांच्या वाकळा तागडीत गेल्या आणि हंबीररावांची सगळ्यांत जड निघाली. मास्तर खोकल्याचं निमित्त करून हसले. हवालदाराला हे सोसणार कसं? डिसेंबरात वासोटा किल्ल्यावर जायचं होतं. सुलाबाई, म्हणजे त्यांची बायको, बाजाराला गेल्याचं बघून ह्यांनी ब्लेडनं वाकळीची एक कड उसवली, पोटातून एक जाडंभरडं हिरवं लुगडं ओढून काढलं आणि बुटाच्या दोऱ्यानं कड पुन्हा टाचली. लुगडं दिलं समोरच्या गॅरेजातल्या आकाराम मिस्त्रीला, गाड्या पुसायला. वाकळ एकदम पिसासारखी झाली. ते तिला दोन बोटांवर घेऊन आम्हाला दाखवत फिरले.

वासोट्याच्या रानात थंडीनं हाडं वाजली. आमची कमी, त्यांची जास्त. दातांचा आवाज येत होता म्हणून मी काय झालं ते विचारलं, तर म्हणाले, "पाढं म्हनतोय. झोप."

परत आल्यावर सुलाबाईंनी वाकळ उन्हात घातली. मी भिंतीपलीकडं दात घासत होतो. त्यांचा हात वाकळीवरून फिरता फिरता एका जागी थांबला.

"आवं, ह्यातलं आयचं लुगडं कुटं हाय?"

आमच्या भागात वाकळ म्हणजे नुसत्या चिंध्या नव्हेत. गेलेल्या माणसाचं कापड तिच्या पोटात घालतात आणि तसं सांगत बसत नाहीत. सुलाबाईंच्या आईचं ते एकच लुगडं उरलं होतं. ही रीत मला ठाऊक होती. माणात जन्मलेल्या हंबीररावांना तर ती ठाऊक असायलाच हवी होती. पण तागडीपुढं माणसाची अक्कल गहाण पडते.

सुलाबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आत गेल्या आणि पिशवी भरू लागल्या. "सकाळच्या यष्टीनं म्या दहिवडीला जाती. भावाकडं आयचं काय हाय का बघती." परत कधी येणार, ते त्या बोलल्या नाहीत. आम्हालाही ठाऊक होतं, त्यांच्या भावाकडं, बिराप्पाकडं, आईचं काहीही नव्हतं.

हंबीरराव धावत गॅरेजात गेले. मिस्त्रीनं लुगड्याचे तुकडे करून ट्रकचं इंजिन पुसलं होतं. ते सगळे तुकडे ह्यांनी तेलाच्या डब्यातून वेचून आणले. मग अख्ख्या गल्लीसमोर दगडावर बसून सोडा लावून धुतले. बायका बादल्या घेऊन थांबून बघत होत्या. एरवी ह्यांनी एकेकीची परेड घेतली असती, पण मान वर केली नाही. हिरवा रंग थोडाफार परत आला. डिझेलचा वास काही गेला नाही.

ऊन उतरायच्या आत तुकडे वाळले. मला टोक धरायला बोलावलं आणि स्वतः सुई घेऊन बसले. बोटभर लांब टाके घालत होते. सुलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सुले," हंबीरराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच एका घरापुरता निघाला. "चुकलं माजं. पर आयचं लुगडं तू तुज्या पांघरुनात घालायचं. माज्यात कशापायी घातलंस?"

"म्या भिंतीआड निजती. उगड्यावर तुमी निजता." सुलाबाई खाली बसल्या. "आयनं सारा जलम मेंढरामागं उगड्यावर काढला. थंडी कशी लागती, ते तिलाच ठावं. म्हनलं, तिच्या पदराखाली असला, म्हंजी मला हितं झोप लागंल."

हंबीरराव रडले. चोरून नाही, चांगले हुंदके देऊन रडले. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण हातात वाकळीचं टोक होतं. माझेही डोळे भरून आले होते.

सुलाबाईंनी त्यांच्या हातातली सुई काढून घेतली आणि त्यांचे ते लांब टाके उसवायला लागल्या.

"आवं, सरका तिकडं," त्या म्हणाल्या, "भिजवू नगा त्ये परत. आत्ताच कुटं वाळलंय."