उजव्या तळव्यावरची गोळी

सकाळची गोळी मी मुद्दाम बाबांच्या डाव्या हातावर ठेवते. पक्षाघाताच्या झटक्यात त्यांचा उजवा हात गेला, वाचाही गेली. पण आयुष्यभर तीर्थ-प्रसाद उजव्याच हातावर घेतलेला हा माणूस गोळी डाव्या हाताने तोंडात टाकत नाही. ती लुळ्या उजव्या तळव्यावर ठेवतो आणि डाव्याने तो हात उचलून तोंडाशी नेतो. गोळी हमखास पडते. मी पलंगाखाली शोधत बसते.

"मेंदू सावरायला या गोळीने मदत होते," डॉक्टर म्हणाले होते, "पण सगळ्यांनाच होते असं नाही." त्या वाक्यात आम्ही दोघंही अडकलो आहोत. बाबा आत, शब्दांवाचून. मी बाहेर, कडी कुठल्या बाजूने आहे तेच कळत नाही.

आज मी वैतागून म्हटलं, "बाबा, डाव्याने घ्या ना. औषध आहे, प्रसाद नाही."

त्यांनी उजवा हात तसाच उचलून तोंडाशी नेला आणि तीर्थ घेतल्यावर फिरवतात तसा तो तळवा डोक्यावरून फिरवला. गोळी केव्हाच माझ्या पायाशी पडली होती.