कण्णु वाद्यारांची मापं

कण्णु वाद्यार पहिल्या भेटीतच माणसाला एक डोळा झाकायला लावायचे. नाव-गाव नंतर. आमच्या अप्पांना तर त्यांनी राजवाड्यामागच्या गल्लीत, हातात भाजीची पिशवी असताना, भिंतीला टेकवून उभं केलं होतं. "उजवा उघडा ठेवा. माझ्या नाकाकडे बघा. आता हे बाजूचं बोट दिसतं?" अप्पा म्हणाले, दिसतं. मग म्हणाले, अरे, गेलं. त्या दिवशी अप्पा घरभर एक डोळा मिटून फिरत होते, आई वैतागली.

सर आम्हाला सायन्स शिकवायचे. तमिळमध्ये कण् म्हणजे डोळा, वाद्यार म्हणजे मास्तर. आणि लाडानं पोरांना कण्णु म्हणतात, तसं सर आम्हाला म्हणायचे, म्हणून हे नाव. पण ते आमच्यातलेच, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेले, घरी मराठी. म्हणायचे, "शाळेत कण् म्हणजे बघायचा, घरी कान म्हणजे ऐकायचा. अवयवाचं नावसुद्धा पक्कं नाही, आणि तुम्ही डोळ्यावर विश्वास ठेवता?"

त्यांचा वर्ग म्हणजे काय सांगू. कुंकवाच्या मोठ्या लाल टिळ्याकडे टक लावायची, मग पांढऱ्या भिंतीकडे बघायचं, तर भिंतीवर हिरवा टिळा. फळ्यावर दोन रेघा, एक लांब, एक आखूड, सगळा वर्ग शपथ घ्यायला तयार. सर सुतळी लावून दाखवणार, दोन्ही सारख्या. मग ठरलेलं वाक्य, "डोळा थापा मारतो. माप मारत नाही."

मी आठवीत असताना त्यांनी आंधळा ठिपका दाखवला. प्रत्येक डोळ्यात एक जागा असते, तिथे काहीच दिसत नाही. फळ्यासमोर बसायचं, हनुवटी पुस्तकांच्या चळतीवर, एक डोळा झाकलेला, दुसरा फळ्यावरच्या फुलीवर. दुसऱ्यानं खडू सरकवायचा. खडू दिसेनासा झाला की म्हणायचं "गेला", दिसला की "आला". तिथे तिथे टिंबं करायची आणि जोडायची. सगळ्यांचा ठिपका इडलीएवढा निघाला.

मग वर्गातला वेंकटेशन म्हणाला, "सार, आता तुम्ही." सर बसले, खडू माझ्या हातात. गेला, म्हणाले. मी सरकवत राहिले. आला म्हणेचनात. खडू फळ्याच्या कडेला जाऊन लाकडावर आपटला. सरांचा ठिपका केळीच्या पानाएवढा होता.

"सार झोपले," वेंकटेशन म्हणाला. वर्ग हसला. सरही हसले, पण मला हळूच म्हणाले, "तुळजा, पुसू नको हं."

डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. थेंब घाला. ठिपका आणखी वाढला तर लगेच मद्रासला ऑपरेशन, एक दिवस थांबायचं नाही, गेलेली नजर परत येत नाही. हे सरांनी मलाच सांगितलं, कारण मापं मीच घेणार होते. दर शुक्रवारी, मधल्या सुट्टीत. "तुझा हात थरथरत नाही, कण्णु," म्हणाले.

दुसऱ्याच शुक्रवारी ठिपका खालच्या अंगालाही वाढला. खडू जिथे गेला तिथे टिंब करायचं होतं. पण मनात आलं, सर मद्रासला जाणार, आमचा वर्ग गणिताच्या त्या छडीवाल्या मास्तरांकडे जाणार. आणि सरांचा चेहरा इतका घाबरलेला होता हो. मी टिंब वीतभर आत केलं. ते तर फुलीकडे बघत होते, त्यांना काय कळणार. उठून त्यांनी सुतळी लावली, वहीत लिहिलं. म्हणाले, "थेंब लागू पडतायत." त्या दिवशी त्यांनी सगळ्या वर्गाला शेंगदाणे दिले. मग पुढच्या शुक्रवारी खरं कसं करणार? मी आतच करत गेले, चार महिने.

एक दिवस भर उजेडात ते उभ्या बैलगाडीवर आदळले. मद्रासला नेलं. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस काय करत होतात, आता नजर गेली.

मी भेटायला गेले तेव्हा ते ओसरीवर बसून शेजारच्या मामांना सांगत होते, "मापं कमी होत होती हो. तुळजानं घेतली होती, ती चुकायची नाही." मामा गेल्यावर मी सगळं सांगून टाकलं. रडत सांगितलं, ते रागावतील, हाकलतील, असं धरून चालले होते.

सरांनी चाचपून वही काढली. "पहिलं माप खरं?"

"हो सर."

"बाकीची खरी किती होती?"

"माहीत नाही."

"कुठे लिहून नाही ठेवलीस? पाठकोऱ्या कागदावर?"

"नाही सर."

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "पेन्सिल घे. पहिली सोडून एकेका तारखेपुढे लिही: माप घेतलं नाही."

मी लिहिलं. सोळा वेळा.

"आता वाच," सर म्हणाले. "तारखेसकट."