आदल्या दिवशीचा धूर

भूतबित, अंगात येणं, चकवा... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. असे अनुभव वाचून हसणाऱ्यांतली मी. शिक्षण फिजिक्सचं, नोकरी हवेतली धूळ आणि धूर मोजण्याची. तेव्हा "भास झाला असेल" हे कृपया मला ऐकवू नका. मशीनला भास होत नाहीत.

काम थोडक्यात सांगते. छोट्या विमानाच्या पोटात लायडार नावाचं यंत्र असतं. ते खाली लेझरचे झोत सोडतं. हवेतल्या कणांवर आपटून जो उजेड परत येतो, त्यावरून कुठल्या उंचीवर किती धूर, धूळ, ढग आहेत ते स्क्रीनवर रंगांत दिसतं. ओझरहून उडायचं, नाशिकच्या अंबड भागातल्या कारखान्यांवरून उत्तरेला सुरगाण्याच्या डोंगरांपर्यंत जायचं आणि परत यायचं. गेल्या वर्षीचा मे महिना होता.

सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर, शाळेच्या छतावर आमचं दुसरं छोटं यंत्र होतं. ते सोमा सांभाळायचा. तिशीतला, भात-नागली करणारा, कामाला एकदम चोख. आम्ही वरून गेलो की तो मला आकाशाचा फोटो पाठवायचा. त्याच्या वडिलांनी, बुधाबाबांनी, मला एकदा विचारलं होतं, "इमानातून आमचे बैल दिसतात का गं?" नाही म्हटल्यावर म्हातारा चक्क रुसला होता.

त्या मंगळवारी साडेअकराच्या सुमारास आम्ही पाड्याच्या वर आलो आणि स्क्रीनवर लालभडक खांब उभा राहिला. जमिनीपासून जवळजवळ दोन किलोमीटर उंच धूर — वर जाऊन पूर्वेला वाकलेला, मधोमध एक फट. मी खिडकीतून खाली पाहिलं. डोंगर स्वच्छ! विमानाच्या कॅमेऱ्यात स्वच्छ. परतीच्या फेरीत तोच खांब, तिथेच. ओझरला उतरल्यावर सोमाचा फोटो आला, तर त्यात निळंशार आकाश.

आमच्या प्रकल्पाचे प्रमुख असलेल्या सरांना दाखवलं. शुक्रवारी त्यांचं प्रेझेंटेशन होतं, त्यामुळे डोकं आधीच तापलेलं.

"खाली काही जळत नाही ना? मग नॉइज आहे. नऊ टाक."

"सर, दोन्ही फेऱ्यांत आलंय."

"मग दोन्हीकडे नऊ टाक."

खराब वाटलेल्या नोंदीपुढे नऊ आकडा टाकायची आमची पद्धत आहे. नऊ पडला की ती नोंद आलेखातून गायब. मी टाकला. वाद घालायचा कंटाळा आला होता, दुसरं काही नाही.

दुपारी सोमाचा फोन. "ताई, उद्या राब भाजायचाय. बा म्हणतो, यंदा वाऱ्याचा काय भरवसा नाय. तुमच्या मशीनमध्ये कसं हाय?"

तिकडे पेरणीआधी रोपांच्या जागेवर पालापाचोळा, शेण पसरून जाळतात, तो राब. आमचं यंत्र आल्यापासून पाड्यावरचे लोक राब भाजायच्या आधी मला विचारू लागले होते. वारा आमचं यंत्र मोजतच नाही, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. विचारतात त्याचा मान वाटायचा ना! मी म्हटलं, "सगळं स्वच्छ आहे सोमा. भाजा बिनधास्त."

बुधवारी पुन्हा तीच वेळ, तीच वाट. लांबूनच धूर दिसला. या वेळी खिडकीतून. मी स्क्रीनकडे पाहिलं. तोच खांब. पूर्वेला वाकलेला, मधोमध फट. वरून फोन लागत नव्हता. खाली माणसं मुंग्यांसारखी पळत होती आणि मी त्यांच्या धुराची उंची मोजत होते.

वारा उठला, आग राबातून गवतात शिरली आणि गोठ्यांपर्यंत गेली. बुधाबाबा बैल सोडायला आत गेले. बैल वाचले.

मी दोन्ही दिवसांची चित्रं एकावर एक ठेवून पाहिली. फरक नाही. फाइल बदलली असेल, घड्याळ चुकलं असेल — सगळं तपासलं. मंगळवारची फाइल मंगळवारीच हार्डडिस्कवर उतरवून मी कपाटात ठेवली होती. सरांनी बुधवारचं चित्र रिपोर्टच्या मुखपृष्ठावर घेतलं. "काय सुंदर आलंय!" म्हणाले. मंगळवारचा विषय काढला तर म्हणाले, "नऊ आहे ना? मग ती नोंद नाहीच." असल्या माणसाला काय बोलणार? आणि मी तरी कुठे मोठी शहाणी?

आठवड्याने पाड्यावर गेले. सोमाचे दोन्ही हात भाजलेले. त्याच्या बायकोने कोरा चहा दिला. मग तो म्हणाला, "ताई, आदल्या दिवशी मशीनमध्ये काय दिसलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही रे. काहीच नव्हतं."

"मंग माझंच चुकलं," सोमा म्हणाला. "बा नको म्हणत होता. मीच लय घाई केली."

मंगळवारी जे दिसलं ते काय होतं, हे मला आजही सांगता येत नाही. ज्यांना दाखवलं त्यांनाही नाही. सोमाचा अजून अधूनमधून फोन येतो, आणि दर वेळी तो "माझंच चुकलं" म्हणतो. मी ऐकून घेते.