बैलाकडचा

दाढीनंतर गालाला तुरटी लागली की मला वरवे गावच्या ओढ्याकाठचा तो दहावा आठवतो. शर्यतीचा एक नावाजलेला बैल गेला होता आणि त्याचे चाहते डोकी भादरायला न्हाव्यापुढे रांगेत बसले होते. मी कापूरहोळला खोली घेऊन एकटाच राहणारा. बैलाची एकेक शर्यत पाहिलेली, पण माणसांत ओळख नाही, म्हणून लांब उभा होतो. बैलाच्या मालकानं विचारलं, "पाव्हणं, तुमी कुणाकडचे?" मी चाचरत म्हणालो, "बैलाकडचा." तो हसला नाही. "मग हुबं का? बसा की रांगेत," म्हणत त्यानं सतरंजीवर जागा केली. दुसऱ्या दिवशी कामावर एकानं माझं डोकं बघून विचारलं, "घरातलं कोण गेलं?" मी पटकन म्हणालो, "भाऊ." वर्षं झाली, त्यानंतर माझ्या घरातलं कुणी गेलेलं नाही, जायला दुसरं कुणी नाहीच.