चहाची बाटली

लघवीकडे इतक्या जिव्हाळ्याने पाहणारा माणूस विरार पूर्वेत पुन्हा होणार नाही. फुलपाड्यात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांची लॅब होती : एक खोली, एक मायक्रोस्कोप आणि खिडकीत उन्हाला धरलेली बाटली. सगळे त्यांना लॅबवाले काका म्हणत. मिठागरावर वाढलेल्या या माणसाला कमी पाणी पिणारा खुन्याइतकाच दोषी वाटे. टँकर आला की बादल्या घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्यांना ते खिडकीतूनच बजावत, "भांडी मग घासा. पोटात किती पानी गेलं ते आधी सांगा."

गुपित पोटात ठेवणं त्यांना माहीतच नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांना त्यांनी भर जिन्यात कळवलं होतं, "रगत नाय ते. काल बीटाची कोशिंबीर होती ना?" टीबीच्या गोळ्या खाणारा एक पोरगा केशरी लघवी पाहून रडत आला, तर त्याला म्हणाले, "रंग गोळ्यांचा हाय. गोळ्या सोडल्यास तर मात्र रडशील." जळजळ असली की जंतू, कमरेतून कळ मारली की खडा, म्हातारा ताटकळत उभा राहिला की प्रोस्टेटची ग्रंथी, अशी त्यांची उजळणी आम्हाला पाठ झाली होती. शेवटी आवाज उतरवून ते सांगत, "दुखतं ते बोंबलून सांगतं. न दुखता लाल येतं तो चोर. एकदाच येऊन गेला तरी शोधायचा."

यावर सगळ्यात मोठ्याने मीच हसायचो. मग सेहेचाळिसाव्या वर्षी चोर माझ्याच घरी आला. सकाळी कोकम सरबतासारखा रंग, दुखणं काही नाही, संध्याकाळपर्यंत सगळं स्वच्छ. उन्हाचं असेल, म्हटलं. तीन आठवड्यांनी पुन्हा. दोन महिने मी कुणाला बोललो नाही. वीस वर्षं बायकोला चोरून सिगरेटी ओढल्या होत्या. त्याचीच ही शिक्षा, असं मनाने घेतलं. एक सांगायचं तर दुसरंही सांगावं लागणार. शेवटी बायकोला डाग दिसला आणि तिनेच खालून रिकामी बाटली आणली. मी, पदवीधर माणूस, तिच्यात बिनसाखरेचा कोरा चहा पाणी घालून ओतला आणि नेऊन दिला.

तासाभरात बोलावणं आलं. काकांनी दार लावून घेतलं. ते दार लागतं हे मला तेव्हा कळलं.

"बाबा, यात पेशी नाय, क्षार नाय. चहाची पत्ती मात्र चांगली हाय."

त्यांनी तो चहा बेसिनमध्ये ओतून टाकला.

"दुखतं?"

"नाही."

"सिगरेट?"

वीस वर्षांत कुणाला न दिलेलं उत्तर मी मान डोलावून दिलं. त्यांनी दुसरी बाटली हातात ठेवली. "आता खरी आन. घाबरलेला मानूसच चहा आनतो. आनि आज सूनबाईला सगळं सांगायचं. सिगरेटीसकट."

खऱ्या बाटलीत तांबड्या पेशींची जत्रा होती. दुसऱ्या दिवशी लॅबला कुलूप घालून ते माझ्याबरोबर मुंबईला आले. मूत्राशयात हरभऱ्याएवढी गाठ निघाली, कर्करोगाची. लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालून ती खरवडून काढली. मूळ खोल गेलं नव्हतं. तो रिपोर्ट आला त्या दिवशी काका कुस्ती मारल्यासारखे आवारातून पेढे वाटत फिरले. "खडा होता. एवढा. काढला."

लघवीच्या बाबतीत जन्मात खोटं न बोललेला माणूस माझ्यासाठी खोटं बोलला, कारण मुंबईहून येताना मी हात जोडले होते, कुणाला कळू देऊ नका म्हणून. पुढे दर तपासणीहून परतलो की ते खिडकीतून विचारत, "खडा?" मी म्हणे, "नाही." मग दिवसभर त्यांची शीळ ऐकू यायची. आणि मी ते खोटं वर्षानुवर्षं तसंच राहू दिलं.

काका गेले तेव्हा गच्चीवर शोकसभा झाली. लोक बीटाच्या गोष्टी सांगून हसत होते. मी उभा राहिलो. म्हणालो, "माझा खडा नव्हता. कॅन्सर होता. आणि मी त्यांना चहा नेऊन दिला होता."

कुणी हसलं नाही. जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावरच्या सावंतांनी, जे मला इतकी वर्षं 'खडेवाले' म्हणून चिडवत, माझी बाही धरली.

"गेल्या महिन्यात एकदाच लाल झाली हो. उन्हाने असेल."

"दुखलं?"

"छे."

"मग उद्या सकाळी आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ. चहा घरीच प्या."

तळमजल्यावरची खिडकी बंद होती. मी तिच्यासमोर जरा थांबलो, हातातली पाण्याची बाटली उघडली आणि गटागटा प्यायलो. दिसेल असं, उजेडात उभा राहून.